सुडाची किंमत शेवटच्या पानावर लिहून भागत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका भयपटाची पटकथा लिहिताय. चार तरुणांच्या चेष्टेपायी एका बाईची मुलगी बुडून मरते. पुरावा नाही म्हणून चौघं सुटतात. आई एका बुजत आलेल्या विहिरीतली शक्ती जागी करते, ती शक्ती चौघांना एकेक करून संपवते आणि शेवटी आईलाही त्याच विहिरीत ओढून नेते. ज्यांनी ज्यांनी ड्राफ्ट वाचला त्यांना तो आवडला, पण सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘बरं झालं मेले ते.’ तुम्हाला तर सूड घेणाऱ्या माणसाचं काय होतं ते सांगायचं होतं. म्हणून तुम्ही विचारलंय की उपदेश न करता सुडाची नैतिक किंमत पडद्यावर कशी आणायची, आणि त्यासाठी आई मरायलाच हवी का.

मी २० वर्षं पटकथा लिहितेय. त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या अडलेल्या पटकथा वाचून त्या कुठे अडल्यात ते शोधण्यात गेली. भयपटांवर माझा फार जीव आहे, आणि त्यातही सुडाच्या भयपटांवर, कारण दुःखाने माणसाचं काय होतं हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्याच प्रकारात विचारलं जात नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मला वाटतं तुम्ही शिक्षा आणि किंमत या दोन गोष्टी एकच धरल्यात. आई विहिरीत जाते ही शिक्षा झाली. शिक्षा बाहेरून येते आणि भोगली की हिशेब मिटतो. प्रेक्षकही मोकळा होतो: चौघांनी केलं ते चौघांनी भरलं, आईने केलं ते आईने भरलं, चला घरी. किंमत आतून द्यावी लागते, आणि ती सूड पूर्ण होण्याच्या आधीपासून, प्रत्येक पावलाला थोडी थोडी जात असते. मुख्य म्हणजे ज्या प्रेमापोटी हे सगळं आरंभलं, त्या प्रेमातूनच ती वजा होते. तुमच्या ड्राफ्टमध्ये आईने मुलीसाठी चार माणसं मारवली, पण त्यामुळे तिचं आणि तिच्या मेलेल्या मुलीचं नातं बदललं का? तुम्ही पाठवलेल्या सारांशात तरी मला ते दिसलं नाही. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. वाचणारे टाळ्या वाजवतात ही नंतरची गोष्ट.

पुढे जाण्याआधी एक कबुली द्यायला हवी. प्रत्येक सूडकथेने पश्चात्ताप दाखवलाच पाहिजे असं मी मानत नाही. बरंचसं यावर ठरतं की तुमच्या आईला दुसरा रस्ता होता की नव्हता. जिला कुठल्याच दरवाजावर न्याय मिळणार नव्हता, जिच्यावर अत्याचार करणारेच न्याय देणारे होते, अशा बाईकडून कथेने शेवटी ‘चुकले मी’ वदवून घेणं हा तिच्यावरचा आणखी एक अन्याय असतो. २०२० साली आलेल्या ‘बुलबुल’मध्ये बाईचं चेटकीण होणं हे तिच्यावर झालेल्या अत्याचारातून येतं, आणि तो चित्रपट ठामपणे तिच्या बाजूला उभा राहतो. तिथे तिच्याकडे पश्चात्ताप मागितला असता तर चित्रपट खोटा पडला असता. तेव्हा सूड कोण घेतंय हे आधी पाहा. मेलेली व्यक्ती स्वतः परत येते की मागे राहिलेलं माणूस तिच्या नावाने कुणाला तरी बोलावतं? मेलेल्यापाशी गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं. जिवंत माणसापाशी असतं. तुमची गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून किंमत हा प्रश्न तिला लागू पडतो. मी पुढे जे लिहितेय ते याच प्रकाराबद्दल.

आता अलौकिक शक्ती नेमकं काय बदलते ते पाहू, कारण तिथे बऱ्याच लेखकांची गफलत होते. स्वतःच्या हाताने सूड घेणाऱ्याला दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. सुरा उचलायचा, दार उघडायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. तो थकतो, घाबरतो, एखाद्या क्षणी त्याचा हात थांबू शकतो. शक्तीला बोलावणाऱ्याला एकदाच ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्याच्या हाताबाहेर आणि तरीही त्याच्या नावावर. शक्ती कुणाचा किती गुन्हा हे तोलत बसत नाही. ती थकत नाही आणि तिला दयाही येत नाही. म्हणजे अलौकिक सूडकथेत नैतिक वजन दोन ठिकाणी साठतं: एक, हाक मारण्याचा क्षण, दोन, थांबवावंसं वाटतं पण आता थांबवता येत नाही तो क्षण. तुमच्या ड्राफ्टमध्ये पहिला क्षण जेमतेम अर्ध्या पानाचा आहे आणि दुसरा नाहीच.

हे सगळ्यात नीट कुठे जमलंय असं विचाराल तर मी स्टॅन विन्स्टन यांच्या ‘पम्पकिनहेड’चं नाव घेईन. १९८८चा चित्रपट. विन्स्टन मूळचे राक्षस आणि प्राणी घडवणारे कलाकार, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. लोकांना त्यातला राक्षस आठवतो, मला त्यातला बाप आठवतो. लान्स हेन्रिक्सन यांनी साकारलेला एड हार्ली हा एकट्याने मुलगा वाढवणारा साधा दुकानदार. शहरातून आलेल्या तरुणांच्या मोटरसायकलीखाली त्याचा लहानगा सापडतो. गाडी चालवणारा पळ काढतो, पण त्याचा भाऊ मुलापाशी थांबून राहतो. हार्ली एका म्हातारीकडे जातो. ती त्याला सांगते की मुलगा परत आणणं तिच्या हातात नाही, सूड मात्र मिळेल आणि त्याला मोल पडेल. तो हो म्हणतो.

पुढची रचना बघा. राक्षस एकेकाला मारायला लागतो आणि हार्ली घरी बसून सुटत नाही. प्रत्येक मरण त्याच्या अंगावर येतं, मारणाऱ्याच्या डोळ्यांनी त्याला ते बघावं लागतं. जो भाऊ मुलापाशी थांबला होता तोही मारला जातो. बापाला हे असह्य होतं, तो परत म्हातारीकडे जातो, थांबव म्हणतो, आणि ती ठाम नकार देते. राक्षस आणि बाप हळूहळू एकमेकांसारखे दिसायला लागतात. एकाला इजा झाली की ती दुसऱ्यालाही होते, हे हार्लीच्या लक्षात येतं, आणि राक्षस संपवायचा तर आपणच मेलं पाहिजे हेही. तो मरतो, राक्षस कोसळतो. आणि मग शेवटचं दृश्य: म्हातारी राक्षसाच्या जागी एक नवं, विद्रूप झालेलं प्रेत पुरते. त्याच्या गळ्यात मुलाने दिलेली माळ आहे.

इथे कुणी म्हणेल की शेवटी नायक मेलाच की. मेला. पण ते मरण शिक्षा म्हणून आलेलं नाही. सगळ्या चित्रपटात त्याने शुद्धीत घेतलेला तो एकमेव निर्णय आहे, आणि तो थांबण्याचा निर्णय आहे. शिवाय त्या मरणानेही हिशेब मिटत नाही, कारण पुढच्या कुणाच्या तरी सुडासाठी आता त्याचंच शरीर वापरलं जाणार. ती माळ पाहिली की पोटात कालवतं. मुलावरच्या प्रेमाची ती शेवटची खूण, आणि ती राक्षसाच्या गळ्यात. किंमत दाखवणं म्हणजे हे. त्यासाठी एकही संवाद लागलेला नाही.

आपल्याकडे याहून जुनं आणि याहून भयंकर उदाहरण आहे, आणि आपण त्याच्याकडे भयकथा म्हणून कधी बघत नाही याचं मला नवल वाटतं. महाभारतातलं सौप्तिक पर्व. अश्वत्थाम्याची तक्रार खरी आहे. त्याच्या बापाला खोटं ऐकवून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि नि:शस्त्र बसलेला असताना मारलं. युद्ध संपलंय, कौरवांकडचे तिघेच उरलेत. रात्री झाडाखाली बाकीचे दोघं झोपलेत आणि अश्वत्थाम्याला झोप नाही. वडाच्या फांद्यांवर झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड येऊन मारतं, ते तो बघतो. तिथे त्याला कल्पना सुचते. एक सीन, संवाद नाही, आणि माणसाच्या मनात काय शिरलं ते प्रेक्षकाला कळलं. कुठल्याही पटकथालेखकाने हेवा करावा असा तो सीन आहे.

मग कृपाचार्य त्याला समजावतात: आज झोप, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू. अश्वत्थामा जे उत्तर देतो ते तुम्ही लिहून भिंतीवर लावा असं मी सांगेन. तो म्हणतो, धर्माचा सेतू त्यांनी आधीच शंभर ठिकाणी मोडलाय. आणि पुढच्या जन्मी मी किडा झालो, पतंग झालो तरी चालेल, बापाच्या मारेकऱ्यांना मी झोपेतच मारणार. किंमत माहीत आहे, तोंडाने उच्चारली आहे, आणि तरीही कबूल आहे. शिबिराच्या दाराशी तो शंकराची आराधना करतो, शंकर त्याला खड्ग देतो आणि त्याच्या शरीरात शिरतो. म्हणजे अलौकिक शक्तीही आली. मग तो आत जातो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्राने मार. तेही तो नाकारतो, लाथांनी तुडवून मारतो. द्रौपदीचे पाचही मुलगे मारले जातात. त्यांनी द्रोणाचार्यांचं काहीही केलेलं नव्हतं.

बापाला शस्त्र नसताना मारलं म्हणून पेटलेला मुलगा रात्री शस्त्र नसलेल्या, झोपलेल्या माणसांना मारतो. ज्या गोष्टीचा राग होता तीच गोष्ट त्याच्या हातून होते, आणि कितीतरी पटींनी. पुढे त्याचा कपाळावरचा मणी जातो आणि त्याच्या वाट्याला शाप येतो: ३००० वर्षं एकट्याने भटकायचं, कुणी बोलायला नाही, अंगाला रक्ताची आणि पुवाची दुर्गंधी. मरण नाही. मरण आलं असतं तर तो सुटला असता. महाभारतकाराला हे कळलं होतं की अशा माणसाला मारून टाकलं तर ऐकणाऱ्याच्या मनातली ठसठस थांबेल. ती थांबू द्यायची नव्हती. भागवतात तर द्रौपदीच सांगते की त्याला सोडा, माझ्यासारखं त्याच्या आईला रडावं लागू नये. पाच मुलं गेलेली बाई हे म्हणते. तुमच्या गोष्टीतली आई याच वाक्याच्या पलीकडच्या काठावर उभी आहे, म्हणून हे सांगितलं.

आता माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी मी एका पटकथेवर काम करत होते. त्यात धाकट्या भावाच्या मृत्यूचा सूड एक बहीण घेते, अशाच एका शक्तीकरवी. मी शेवटी तिला मारलं. फार भेदक शेवट लिहिला असं मला वाटत होतं. वाचनाला बसलेल्या एका प्रौढ बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘शेवटी तीही गेली ते बरं झालं, आता काही उरलं नाही.’ मला रात्रभर झोप लागली नाही. काही उरलं नाही, हीच तर चूक होती. मी बहिणीला मारून प्रेक्षकाला सोडवलं होतं.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी फक्त एक नियम बदलला. शक्तीला जागं करायला दर वेळी मेलेल्या माणसाची एक वस्तू लागते, आणि ती वस्तू परत मिळत नाही. पहिल्यांदा बहीण त्याचा शर्ट देते. शर्ट देताना तिला फारसं काही वाटत नाही, घर त्याच्या वस्तूंनी भरलेलं आहे. मग वही जाते. मग त्याने अर्धवट जोडलेला रेडिओ. चौथ्या माणसापाशी येईतो घरात भावाचं काहीच उरलेलं नसतं, फोनवरचा त्याच्या आवाजाचा एक निरोप सोडून. तोही अगदी साधा, ‘दार उघडं ठेव, मला उशीर होईल’ एवढाच. आणि चौथा माणूस असा, ज्याने मारलं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवलं होतं. ती रात्रभर तो निरोप ऐकत बसते. सकाळी देऊन टाकते. त्या वाचनात चौथ्या माणसाच्या मरणाला कुणी ‘बरं झालं’ म्हटलं नाही. तो सीन वाचला जाईपर्यंत खोलीत कुणी हललंही नाही. बहीण शेवटी जिवंत राहते, तिच्या मोकळ्या घरात.

हा नियम तुम्ही उचला असं मी म्हणत नाही. तुमच्या आईला तो लागू पडेलच असं नाही. त्यामागचा विचार घ्या. ती मुलीसाठी सूड घेतेय असं तिला वाटतं, प्रत्यक्षात ती मुलीला खर्च करतेय. प्रेक्षकाला हे दिसलं पाहिजे, डोळ्यांनी, वस्तूंतून किंवा कृतीतून. एकदा दिसलं की तिचं मरणं न मरणं हा दुय्यम मुद्दा होतो.

यातून शक्तीच्या नियमांबद्दलही एक गोष्ट निघते. मोल आधी सांगितलेलं असलं पाहिजे. पुष्कळ लेखक ते लपवतात आणि शेवटी झटका म्हणून उघड करतात. तसं केलं की आईची फसवणूक झाली, आणि फसवल्या गेलेल्या माणसाची नैतिक जबाबदारी अर्धी होते. अश्वत्थाम्याला माहीत होतं. हार्लीला मोल आहे एवढं सांगितलं होतं, त्याने ते किती हे विचारलं नाही. मला हे न विचारणं फार माणसासारखं वाटतं. दुःखात बुडालेल्या माणसाला अटी ऐकू येतात, पण त्या आत पोचत नाहीत. तुमचा हाक मारण्याचा सीन मी चार-पाच पानांचा करेन. विहिरीपाशी कुणीतरी तिला सरळ सांगू दे की काय होईल. तिला ते ऐकू दे. आणि मग तिला एकच प्रश्न विचारू दे, ज्याचा किमतीशी काहीच संबंध नाही: ‘त्यांना कळेल ना, का मरतायत ते?’

टाळ्यांचं म्हणाल, तर त्यांना घाबरू नका. पहिलं मरण समाधान देणारंच असू द्या. ज्या प्रेक्षकाने कधीच ‘बरं झालं’ म्हटलं नाही, त्याच्यापाशी गमवायला काही नाही. तो आईपेक्षा स्वतःला शहाणा समजत बाहेरून बघत राहील. तो आधी तिच्या सोबत हवा. दुसऱ्या मरणापासून मी कॅमेरा हलवते. मरण संपल्यावर लगेच कट करायचा मोह होतो, तो आवरायचा. त्या माणसाला सकाळी कोण शोधतं, तिथे थांबायचं. दार ठोठावणारं, मग हाक मारणारं, मग आवाज बदललेलं माणूस. रक्त दाखवायची गरज नाही. तुमच्या आईने हीच हाक मुलीसाठी मारलेली प्रेक्षकाला आठवली की बास. तिसऱ्या मरणाला संगीत काढून टाका. इतकंच, याहून मोठी युक्ती नाही.

चौघांचा गुन्हा एकसारखा ठेवू नका, हे तर आता तुमच्या लक्षात आलंच असेल. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि शक्तीला सुकं-ओलं कळत नाही. पण इथे एक सावधगिरी. चौथ्याला देवमाणूस करू नका. आजारी आई, लहान बहीण, आणि तो त्या दिवशी तिथे चुकून गेलेला, असं केलंत की प्रेक्षकाला तुमचा हात दिसतो. तो थोडा दोषी असू द्या. हसला असेल. बघत उभा राहिला असेल. नंतर घरी जाऊन जेवला असेल. त्याचा दोष आहे, पण मरणाएवढा आहे का? हा प्रश्न प्रेक्षकाला छळला पाहिजे, आणि सोपं उत्तर मिळता कामा नये. ब्रायन डी पामा यांच्या १९७६च्या ‘कॅरी’मध्ये रक्ताने माखलेल्या मुलीला समोरचे सगळेच आपल्याला हसताना दिसतात, तिची बाजू घेणारी शिक्षिकासुद्धा. ती हसत नसते. पण कॅरीची मनाने वस्तू हलवणारी शक्ती तिला जे दिसलं त्यावर चालते, आणि शिक्षिकाही त्यात मरते. दुखावलेल्या माणसाची नजरच कशी न्यायनिवाडा करायला नालायक झालेली असते, हे त्या एका क्षणात आहे.

किंमत दुसऱ्यांच्या अंगावर जाऊन पडणं हाही एक रस्ता आहे. वेस क्रेव्हन यांच्या १९८४च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये लहान मुलांचा खुनी कागदपत्रातल्या एका चुकीमुळे सुटतो, आणि आईबाप मिळून त्याला जाळतात. तक्रार खरी, राग खरा. वर्षं जातात आणि तो त्यांच्या मुलांच्या स्वप्नांत येतो. मला त्यात सर्वांत बोचते ती आईबापांची गप्प राहण्याची सवय. मुलं मरताहेत आणि मोठी माणसं अजून सांगत नाहीत की आपण काय केलं होतं. नायिकेच्या आईने त्याचा सुऱ्या लावलेला हातमोजा घरातच जपून ठेवलाय. तुमच्या गोष्टीत आईला दुसरं मूल असेल तर (सारांशात एका मुलाचा ओझरता उल्लेख आहे) तो मुलगा काय बघतो, त्याला काय सांगितलं जातं, हा धागा तुमच्यापाशी आयता आहे आणि तुम्ही तो सोडून दिलाय. आईचं सगळं लक्ष मेलेल्या मुलीकडे. घरात एक जिवंत मूल शाळेचा डबा स्वतः भरून घेतंय. त्याला कुणी मारायची गरज नाही. त्याने एके दिवशी आईला हाक मारणं सोडून दिलं तरी पुरे आहे.

शेवटाबद्दल. आई मरायला हवी का, या तुमच्या थेट प्रश्नाला माझं थेट उत्तर: माझ्या मते नको, निदान विहिरीने ओढून नेलेली नको. ओढून नेली तर निर्णय विहिरीचा झाला. ती गेलीच तर स्वतःच्या पायांनी, काहीतरी थांबवण्यासाठी गेली पाहिजे. कानेतो शिंदो यांच्या १९६८च्या ‘कुरोनेको’मध्ये सामुराईंनी अत्याचार करून मारलेल्या सासू-सून सगळ्या सामुराईंना मारण्याच्या शपथेवर भुतं होऊन परततात. आणि युद्धावरून सामुराई होऊन येतो तो सासूचाच मुलगा, सुनेचाच नवरा. सून शपथ मोडते. सात रात्री त्याच्याबरोबर राहते आणि त्याबदल्यात नरकात जाते. सासू शपथ पाळते. एकाच सुडाची दोन टोकं, आणि दोन्हीकडे नुकसान. पण सुनेने तिचं नुकसान स्वतः निवडलं, म्हणून तिच्यासाठी डोळ्यांत पाणी येतं.

क्षमेचा शेवट सुचवणारे तुम्हाला भेटतील. मी त्याच्या विरोधात नाही, पण तो फार महाग शेवट आहे. लियम गॅव्हिन यांच्या २०१६च्या ‘अ डार्क साँग’मध्ये मुलगा गमावलेली बाई एकाकी घरात एका मांत्रिकाबरोबर महिनोन्महिने विधी करते. खरा हेतू सूड आहे हे ती त्याच्यापासूनही लपवते. उपासमार, अपमान, त्याचा मृत्यू, तिचं तुटलेलं बोट, या सगळ्यातून गेल्यावर अखेर देवदूत समोर येतो. तेव्हा ती क्षमा करण्याचं बळ मागते. बळ मागते, हे लक्षात घ्या. ती क्षमा करून टाकत नाही. चित्रपटाचा सगळा वेळ त्या एका मागणीसाठी खर्च झालाय. तुमच्या सध्याच्या रचनेत चार मृत्यू आहेत, त्यांच्यानंतर दोन पानांत क्षमा आणलीत तर ती चिकटवलेली दिसेल.

थांबवावंसं वाटण्याचा क्षण कुठे टाकायचा, हे मात्र तुमच्या कथेवरच अवलंबून आहे. तिसऱ्या मृत्यूनंतर असेल तर चौथा माणूस वाचवण्याची धडपड हा तुमचा शेवटचा भाग होतो, आणि भयपटाला वेग मिळतो. दुसऱ्यानंतरच असेल तर पुढचे दोन मृत्यू आईच्या इच्छेविरुद्ध होतात. वेग कमी होतो, यातना वाढते. मी दुसरा पर्याय घेतला असता, पण माझा स्वभाव तसा आहे. तुमच्या दिग्दर्शकाला पहिला हवा असेल तर तोही चालेल, फक्त तो क्षण असू द्या, आणि त्यात तिला ठाम नकार मिळू द्या.

आता एक गोष्ट, जी मी खरं तर पहिल्यांदा सांगायला हवी होती. तुमच्या सारांशात मुलगी फक्त दोन ठिकाणी आहे: पाण्यात, आणि फोटोत. ती कशी होती हे मला माहीत नाही. आणि ती माहीत नसेल तर आई काय गमावतेय हे मला कधीच कळणार नाही, तुम्ही कितीही नियम रचलेत तरी. मृत्यू, विहीर, शक्ती हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. मुलीचे तीन सीन लिहा, ती जिवंत असतानाचे. एकात ती आईशी खोटं बोललेली असू दे. एकात दोघी कशावरून तरी कडाडून भांडलेल्या असू देत, आणि भांडण मिटायचं राहून गेलेलं असू दे. तिसऱ्यात काहीच घडत नसलं तरी चालेल, ती आईच्या शेजारी बसून काहीतरी गुणगुणतेय एवढंच. हे तीनही सीन चित्रपटात येतील असं नाही. पण ते लिहून झाले की तुमच्या चार मृत्यूंसमोर एकेक ठेवून बघा, कुठल्या मृत्यूपाशी आईच्या हातून यातलं काय निसटतं. तसं काही सापडलं तर मला तो भाग पाठवा, मी वाचेन.